खुनी कोण ते आठवेना

"मग आई, शेवटी खून कोणी केला?" जावयाने वरण वाढून घेता घेता सहज विचारलं आणि मी तोंड उघडलं, आणि काही आलंच नाही बाहेर. म्हणजे दुपारी दोन ते तीन मी ‘रोझमेरी अँड थाइम’ नावाची ती खुनाची सिरीयल पूर्ण बघितलेली, मधल्या जाहिरातींसकट, संध्याकाळी साडेसातला जेवायला बसलो, मधे फक्त साडेचार तास गेलेले. मला त्यातली बाग आठवत होती, झाडाखाली पडलेला तो हिरवा-काळा अंधार आठवत होता, त्यातल्या दोघी नायिकांपैकी कोण कशावर हसली तेही आठवत होतं. पण खुनी? नाव सोडा, बाई की पुरुष तेसुद्धा आठवेना. जावई बिचारा भला माणूस, "जाऊ दे हो, त्यात लक्षात ठेवण्यासारखं काय असतं" म्हणाला आणि कोशिंबीर पुढे सरकवली. लेक मात्र माझ्याकडे जरा बघत राहिली. ती तसं का बघते ते मला माहीत आहे. माझी आई शेवटची चार वर्षं गॅस बंद केला का ते दहादहा वेळा उठून बघायची. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि झोप नाही म्हणून परत आठवायला गेले, तर परत तेच. बाग आली, खुनी आला नाही.

तर आधी हे सांगायला हवं की मी इथे इंग्लंडात, रेडिंगला लेकीच्या बाळंतपणासाठी आलेय. साठी ओलांडलेल्या मराठी बायकांचा हा एक वेगळाच व्हिसा असतो, सहा महिने, तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यात डिंक, आळीव, सुंठ, आणि एका कोपऱ्यात चोरून घातलेली बाळगुटीची पुडी. पहिल्याच आठवड्यात मी ओव्याची धुरी द्यायला म्हणून तव्यावर ओवा टाकला आणि घरातले तीनही स्मोक अलार्म एकदम किंचाळायला लागले, बाळ नाही रडलं पण जावई पायजम्यावर जिना उतरून टॉवेल हलवत आला. तेव्हापासून धुरी बंद. दुपारी लेक झोपते आणि बाळ माझ्या मांडीवर. बाळाला खाली ठेवलं की त्याला लगेच कळतं, कसं कळतं देव जाणे, म्हणून मग दोन तास हलायचं नाही. एक हात मोकळा, त्यात रिमोट. आवाज दोनवर, खाली सबटायटल्स. आणि चॅनेल फिरवता फिरवता एक दिवस आयटीव्ही थ्रीवर गिटार ऐकू आली.

‘रोझमेरी अँड थाइम’ ही सिरीयल जुनी आहे, 2003 साली सुरू झाली, तीन सिझन, सगळे मिळून 22 भाग, आणि इथे ती दुपारच्या वेळेला पुन्हापुन्हा दाखवतात, जशी आपल्याकडे काही मराठी चॅनेलवर ठरावीक सिनेमे वर्षातून आठ वेळा असतात. दोन बायका. रोझमेरी बॉक्सर ही वनस्पतींच्या रोगांची डॉक्टर, युनिव्हर्सिटीतली नोकरी गेलेली. लॉरा थाइम ही पूर्वी पोलिसात होती, नवरा एका तरुण बाईसाठी तिला सोडून गेलेला. दोघी पन्नाशी ओलांडलेल्या. पहिल्या भागात ओळख होते, आणि मग दोघी मिळून बागा दुरुस्त करायचा धंदा काढतात. दर भागात नवी बाग, नवा मालक. कधी मोठी हवेली, कधी हॉटेल, कधी मठ, कधी द्राक्षाचा मळा, मधेच फ्रान्स, इटली, स्पेनलाही जाऊन येतात. खुरपं मारलं की दहाव्या मिनिटाला प्रेत. मग पोलीस येतो, तो ह्या दोघींना म्हणतो बायांनो तुम्ही आपली फुलं बघा, आणि मग ह्या फुलंच बघतात आणि त्यातून खुनी काढतात. एकीला पानावरचा डाग कळतो, दुसरीला माणसाच्या चेहऱ्यावरचा. एवढंच आहे. इतकं साधं की सांगताना लाज वाटावी.

आणि तरी मी रोज दोनची वाट बघायला लागले.

मला आधी वाटलं बागांमुळे. कारण त्या बागा खरंच बघत राहाव्यात अशा, आणि कॅमेराही खुनापेक्षा गुलाबावर जास्त रेंगाळतो. ही सिरीयल ज्याने काढली तो ब्रायन ईस्टमन म्हणजे टीव्हीवरच्या पायरो ह्या डिटेक्टिव्हच्या सिरीयलचा निर्माता, आणि संगीत देणारा क्रिस्टोफर गनिंगही तोच, पायरोची ती सॅक्सोफोनवाली ट्यून त्याचीच. इथे त्याने ‘स्कारबरो फेअर’ ह्या जुन्या लोकगीताची चाल घेतली आहे, ज्यात पार्स्ली, सेज, रोझमेरी आणि थाइम अशी चार पाल्यांची नावं येतात, म्हणजे सिरीयलचं नावही तिथलंच, आणि गिटार वाजवलीय जॉन विल्यम्सने. ती गिटार सुरू झाली की माझ्या मांडीवरचं बाळ खरंच सैल पडतं. मी आता तीच चाल गुणगुणत त्याला थोपटते, शब्द आपल्या अंगाईचे आणि चाल इंग्लंडातली, बाळाला काय फरक पडतो.

मग कळलं की बागा हे अर्धंच कारण. दुसरं कारण रोझमेरीचा आवाज. जरा खरखरीत, जरा हसू अडकलेला, शब्द संपता संपता वर जाणारा. हा आवाज कुठे ऐकलाय कुठे ऐकलाय करत तीन दिवस गेले आणि चौथ्या दिवशी टायटलमध्ये नाव नीट वाचलं. फेलिसिटी केंडल. अगं बाई! ही तर शशी कपूरची मेव्हणी. मी हे इतक्या जोरात म्हणाले की बाळ दचकलं आणि लेक वरून ओरडली, काय झालं. तिला सांगितलं तर ती म्हणते, शशी कपूर कोण तो, अमिताभचा भाऊ व्हायचा तो? मी काही बोलले नाही. बाळंतिणीला बोलू नये.

आमच्या पिढीला केंडल हे नाव माहीत आहे ते जेनिफरमुळे. जेफ्री केंडल आणि लॉरा लिडेल हे नवराबायको शेक्सपिअरची नाटकं घेऊन हिंदुस्थानभर फिरायचे, शाळांमध्ये, राजवाड्यांमध्ये, मिळेल तिथे, कंपनीचं नाव शेक्सपिअराना. आपल्याकडच्या जुन्या नाटक कंपन्यांसारखंच बिऱ्हाड, ट्रंका, रेल्वे, आज इथे उद्या तिथे. मोठी मुलगी जेनिफर, तिने 1958 साली शशी कपूरशी लग्न केलं. धाकटी फेलिसिटी, जन्म 1946 चा, सातव्या वर्षी हिंदुस्थानात आली आणि आईबापांच्या कंपनीतच लहानाची मोठी झाली. ‘शेक्सपिअरवाला’ सिनेमात तिने जवळपास स्वतःच्याच घराची गोष्ट केली आहे, 1965 साली, आणि तिच्यासमोर हिरो कोण तर खऱ्या आयुष्यातला जिजाजी. मग ती इंग्लंडला गेली आणि सत्तरच्या दशकात ‘द गुड लाइफ’ नावाच्या विनोदी मालिकेतून घराघरात पोचली, त्यात एक जोडपं नोकरीबिकरी सोडून परसात भाजी, कोंबड्या, डुकरं पाळतं. म्हणजे हिच्या नखात माती तेव्हापासूनच. रोझमेरी होईपर्यंत पंचवीसेक वर्षं झाली आणि माती तीच.

मी पार्ल्याची. 1978 च्या नोव्हेंबरमध्ये जुहूला पृथ्वी थिएटर सुरू झालं तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि आमच्या घरी त्याची चर्चा झाली ती शशी कपूरमुळे नाही तर पहिलंच नाटक गो. पु. देशपांड्यांचं म्हणून, ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’, हिंदीतून. वडिलांना कोण अभिमान. मी ते पाहिलं नाही, अकरावीची परीक्षा का काहीतरी होतं, पण नंतर खूप वेळा गेले, पायऱ्यांवर जागा मिळवून, तिन्ही बाजूंनी प्रेक्षक आणि नट इतके जवळ की त्यांच्या कपाळावरचा घाम दिसायचा. बाहेर कॉफीचा वास आणि समुद्राची खारट चिकट हवा. जेनिफर तिथे असायची म्हणे, मला कधी दिसली की नाही ते आता खात्रीने सांगता येत नाही, कुणीतरी गोरी उंच बाई कॉटनच्या झग्यात खुर्च्या सरकवताना पाहिल्यासारखं वाटतं, पण हे मी नंतर रचलेलंही असू शकेल. ती 1984 साली गेली, कॅन्सरने. आणि आता चाळीस वर्षांनी मी रेडिंगमध्ये तिच्या धाकट्या बहिणीला गमबूट घालून चारचाकीतून कुदळी उतरवताना बघतेय. ही फेलिसिटी हसली की मला उगाच पृथ्वीच्या पायऱ्या आठवतात. म्हणजे बघा, हे सगळं आठवतं. खुनी आठवत नाही.

लॉरा झालेली पॅम फेरिस लेकीने ओळखली. ती हॅरी पॉटरमधली आत्या मार्ज, फुग्यासारखी फुगून उडून जाते ती. लेकीच्या पिढीची मेव्हणी ती.

खरं सांगायचं तर सिरीयल म्हणून ही काही फार ग्रेट नाही. खून कसे करतात ते ऐकून कधीकधी हसूच येतं, इतकी यातायात करण्यापेक्षा माणसाने सरळ जिन्यावरून ढकलावं. पोलीस इतके ढ की त्यांना पगार कोण देतं असं वाटतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ह्या दोघींना काम कोण देतं? ह्या जिथे जातात तिथे आठवड्याभरात एकदोन माणसं मरतात. मी तर ह्यांना बाल्कनीतली तुळस हलवायलासुद्धा बोलावणार नाही. ज्याने बागेचं कंत्राट दिलं तोच बरेचदा मरतो किंवा आत जातो. आणि ह्या मात्र शेवटी हसत हसत अवजारं गाडीत टाकून पुढच्या गावी. कुणी मेलं ह्याचं फार दुःख कुणालाच नसतं. इथे असल्या सिरीयलला कोझी म्हणतात, मला तो शब्द आवडला, गोधडीत पाय घेऊन बघायचा खून.

पण मधे मधे काहीतरी असं येतं की मी हलते. दोघी गुडघ्यावर बसून वाफे साफ करत असतात, एकमेकींकडे न बघता बोलत असतात. काम करताना जे बोलणं होतं ना, तसं. एक अर्धं वाक्य बोलते, मधे खुरपं चालतं, मग दुसरी उत्तर देते. नवऱ्याचा विषय निघतो, निघतो आणि तसाच सोडून दिला जातो, कुणी गळ्यात पडत नाही. हे ज्याने लिहिलंय त्याने असं बोलणं कुठेतरी ऐकलं असणार. मी एकोणतीस वर्षं ऐकलंय. बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरला जी होती तिला मी बाई म्हणते आणि ती मला बाई म्हणते, नाव घ्यायची वेळ फक्त रजेच्या अर्जावर यायची. मधे काच होती, अर्ध्या उंचीची. नोटा मोजत बोलायचं, मोजणी चुकायची नाही. तिच्या सासूचा, माझ्या लेकीच्या दहावीचा, तिच्या घटस्फोटाचा सगळा हिशोब त्या काचेवरून झालाय. समोर रांग उभी असायची, त्यांना वाटायचं ह्या बायका पासबुकाचं बोलताहेत. लोक आमच्यासमोर काय वाट्टेल ते बोलायचे, बापलेकांची भांडणं, चोरून काढलेल्या एफडी, कुणाचे पैसे कुणाच्या नावावर. काउंटरमागची बाई म्हणजे भिंतच. रोझमेरी आणि लॉराचं तेच आहे. वाफ्यात वाकलेल्या बाईसमोर कुणी आवाज खाली करत नाही, आणि अर्ध्या खुनांचा उलगडा तिथेच होतो.

आता त्या भागाबद्दल, ज्यातला खुनी मी हरवला. ‘द ट्री ऑफ डेथ’. चर्चचं आवार आणि तिथलं यूचं झाड. इथे जुन्या चर्चच्या दारात हे झाड बरेचदा असतं, काही तर चर्चच्याही आधीची. लेकीच्या घराजवळ एक आहे, बाबागाडी घेऊन मी तिथवर जाते. बुंधा एकच नाही, चारपाच बुंधे एकमेकांत वितळल्यासारखे, साल लालसर, सोललेल्या सुपारीच्या रंगाची, आणि खाली गवत उगवत नाही इतकी दाट सावली. पूर्वी ह्याच्या लाकडाची धनुष्यं करायचे. पान विषारी, बी विषारी, फक्त बीभोवतीचा तो लाल गर तेवढा नाही. आपल्याकडे कण्हेर कशी अंगणात असते, देवाला फूल वाहायचं आणि पोरांना म्हणायचं तोंडात घालू नका, तसंच काहीसं. भाग बघताना मी फोनवर यूबद्दल शोधलं, एका हाताने, बाळ दुसऱ्यावर. आणि तिथे एक शब्द आला. पॅक्लिटॅक्सेल.

हा शब्द मला माहीत होता.

बाईच्या सलाईनच्या बाटलीवर तो होता. पुण्यातल्या एका हॉस्पिटलात बारा आठवडे, दर मंगळवारी, मी तिच्या शेजारच्या खुर्चीत. नर्स येऊन बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचायची आणि बाईचं नाव विचारायची, आणि बाई दर वेळी नवीन काहीतरी सांगायची, एकदा म्हणाली मधुबाला. कॅन्सरचं ते औषध पहिल्यांदा सापडलं अमेरिकेतल्या यूच्या सालीत. साल काढली की झाड मरतं, म्हणून नंतर लोकांनी वेगळी वाट शोधली, युरोपातल्या ह्या यूच्या पानांतून अर्धा तयार माल मिळतो आणि पुढचं प्रयोगशाळेत करता येतं. म्हणजे मी रोज बाबागाडी लावून ज्याच्या सावलीत उभी राहते त्याचंच भाऊबंद. स्क्रीनवर मरणाचं झाड म्हणून चाललेलं आणि माझ्या डोळ्यांसमोर थेंब थेंब पडणारी ती नळी. हे मी वाचत असताना बहुतेक रोझमेरी आणि लॉरा खुनी सांगत असाव्यात. मी तिथे नव्हतेच, मंगळवारात होते.

बाई आता ठीक आहे. केस आले, आधी नव्हते तसे कुरळे आले. पण दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे तिच्या बोटांच्या टोकांना स्पर्श नीट कळत नाही. एकोणतीस वर्षं जिने बोटांनी खोटी नोट ओळखली तिला आता भाजीवाल्याला दोन नोटा चिकटून गेल्या तरी समजत नाही. आणि दुसरं, मधेच शब्द जातात. बोलता बोलता थांबते, हवेत हात फिरवते, "ते गं ते, आपण कपडे वाळत घालतो ते". चिमटा. पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही दोघी घाबरलो, नंतर त्याचा खेळ झाला. ती हात फिरवते, मी ओळखते. आता मी इथे आणि ती तिकडे, फोनवर हात दिसत नाहीत, त्यामुळे जरा पंचाईत होते. मागे एकदा फोनवर दहा मिनिटं आम्ही "गोल असतं, पांढरं, तू करपवतेस" ह्यावर घालवली. साबुदाण्याचं थालीपीठ.

ह्या महिन्यात मी मागच्या वाफ्यात थोडी खुडबूड केली, लेक नको नको म्हणत असताना. कोपऱ्यात एक दगडावर पसरलेलं बारीक पानांचं झुडूप होतं, वाळल्यासारखं दिसणारं. पान चुरगाळून नाकाशी नेलं आणि चक्क ओवा! म्हणजे आमच्या तव्यावरचा, अलार्म वाजवणारा ओवा. लेक म्हणाली तेच थाइम. ओव्याला जो वास असतो तो थायमॉलचा, आणि थायमॉल नाव ह्याच झुडपावरून पडलंय. इतके दिवस ह्या घरात धुरीला बंदी म्हणून मी खट्टू आणि ही बया मागच्या दारात बसलेली. त्या संध्याकाळी चिमूटभर गरम पाण्यात टाकून त्याची वाफ बाळाच्या खोलीत ठेवली. अलार्म गप्प. जावई नाक ओढत आला आणि म्हणाला, पिझ्झा मागवलाय का.

तर परवा तोच भाग परत लागला. यूचा. मी ठरवलं, आज काय वाट्टेल ते होवो, खुनी लिहून ठेवायचा. टेबलावर वीजबिलाचं पाकीट होतं, पेन्सिल घेतली, बाळ मांडीवर, आवाज दोनवर. फोन लांब ठेवला, शोधाशोध बंद. सगळं व्यवस्थित चाललं होतं, मला दोन माणसांचा संशयही आला होता, आणि शेवटची सातआठ मिनिटं राहिली असताना बाळाने असा काही सूर लावला की लेक उठून आली, मग दूध, मग लंगोट, मग ढेकर काढायला खांद्यावर घेऊन चार येरझाऱ्या. परत आले तर गिटार वाजत होती आणि नावं वर सरकत होती. पाकिटावर बघितलं तर मी लिहिलेलं: लाल गर – विषारी नाही. लॉराचे हातमोजे कुठे मिळतील? बाईची बोटं.

साडेतीनला बाईला फोन लावला, तिकडे आठ वाजलेले, मागे कुकरची शिट्टी. तिला सगळं सांगितलं, दोघी बायका, शशी कपूरची मेव्हणी, चर्च, यू, तिचं औषध, जावयाचा प्रश्न, पाकीट. ती ऐकत राहिली, मधे फक्त "शशी कपूर..." म्हणून एक उसासा टाकला. मग म्हणाली, "बरं, मग खून कोणी केला?" मी म्हटलं, बाई, खरंच नाही गं माहीत, दोनदा बघूनही. ती म्हणाली, "मरू दे. मला एक सांग, बागेचं काम सांगणारा तो मेला किंवा आत गेला, तर ह्या दोघींचं ते... ते गं... काम झाल्यावर देतात ते..."

"बिल," मी म्हटलं.

"हां, बिल. ते कोण देतं?"

तिच्या मागे कुकरची आणखी एक शिट्टी झाली. मी पाकीट उलटं केलं आणि मागच्या बाजूला लिहून घेतलं.